ऊसतोडीच्या करारात बाईचे नाव

ऊसतोडीचा करार कोयत्यावर होतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. दसऱ्याच्या आधी मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा मध्यस्थ, गावात येतो, घरातल्या कर्त्या पुरुषाशी बोलणी करतो, हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ठरते, पुरुष सही करतो किंवा अंगठा उठवतो, नोटा मोजून घेतो, आणि तेवढ्यावर त्या घरातली दोन माणसे पुढच्या पाच-सहा महिन्यांसाठी बांधली जातात. बाई त्या बोलण्यात बहुतेक वेळा नसतेच. उचल किती घेतली, त्यातली किती मागच्या हंगामाच्या बाकीत वळती झाली आणि किती मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी उरली, हे तिला नंतर कळते, आणि पुष्कळदा नीटसे कळतही नाही. तरीही ती आली नाही तर करार पुरा होत नाही. एकटा पुरुष किंवा एकटी बाई कामाला गेली तर तो अर्धा कोयता धरला जातो, आणि अर्ध्या कोयत्याला उचल द्यायला मुकादम सहसा नाखूश असतो.

स्त्रियांना श्रमाच्या बाजारात मिळणाऱ्या असमान वागणुकीबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुधा कार्यालयातल्या पगाराचा, बढतीचा, प्रसूतीनंतर नोकरी सुटण्याचा विचार आपल्या मनात असतो. ते प्रश्न खरेच आहेत. पण आपल्याच राज्यात लाखो स्त्रिया असे काम करतात, जिथे त्यांना कमी मजुरी मिळते असे म्हणायलाही जागा नाही, कारण त्यांच्या नावाने मजुरीच ठरलेली नसते. याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण आमची थोडी शेती सांगली जिल्ह्यात आहे, तिच्यात ऊस आहे, आणि लहानपणापासून दर हंगामाला धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डी या तालुक्यांतल्या टोळ्या आमच्या शिवारात उतरताना मी पाहत आले आहे.

फडातल्या, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या शेतातल्या, बाईचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. कोपीबाहेर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीबाहेर, तीन दगडांची चूल पेटते, दिवसभराच्या भाकरी थापून होतात, पाणी कुठे मिळेल तिथून हंडा भरून आणलेला असतो, लहान मूल झोपेतच उचलून गाडीत घातले जाते, आणि उजाडायच्या आत जोडी फडात शिरते. ऊस बुडातून तोडणे हे बहुतांशी पुरुषाचे काम असते. तोडलेल्या उसाचे पाचट सोलणे, शेंड्याचे वाढे छाटणे, उसाची मोळी बांधणे आणि ती डोक्यावर घेऊन वाहनापर्यंत नेणे हे काम मुख्यत्वे बाई करते, आणि वेळ पडली की कोयताही चालवते. ट्रक किंवा ट्रॉली भरताना उभी फळी लावतात. वीस-पंचवीस किलोची, कधी त्याहूनही जड ओली मोळी डोक्यावर घेऊन त्या फळीवरून चढणारी बाई मी अगदी जवळून पाहिली आहे. फळी दर पावलाला लवते, हाताला धरायला काही नसते, आणि वरचा माणूस मोळी ओढून घेईपर्यंत मानेवरचा भार तसाच तोलून उभे राहावे लागते. दिवसभरात हे किती वेळा होते याची मोजदाद कोणी ठेवत नाही. वाहन रात्री आले तर रात्री भरावे लागते. संध्याकाळी कोपीवर परतल्यावर पुरुष टेकतो आणि बाई पुन्हा चूल पेटवते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरातल्या बिनमोबदल्याच्या कामांवर ती कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुष ८८ मिनिटे घालवतात असे दिसले. फडावरच्या बाईच्या बाबतीत ही मिनिटे बारा-चौदा तासांच्या मजुरीच्या आगेमागे बसवावी लागतात.

आता पैशांचा हिशेब पाहू. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ, म्हणजे सहकारी साखर कारखान्यांचा राज्य संघ, आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात तडजोड झाली आणि तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. त्यानंतर दर टनाला साधारण ३६५ रुपयांच्या आसपास गेला. ही वाढ लढून मिळवलेली आहे आणि तिचे मोल कमी नाही. पण एक जोडी दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते असे धरले, तर दोघांची मिळून दिवसाची कमाई साडेपाचशे ते सव्वासातशेच्या दरम्यान येते. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला, बारा तासांहून अधिक राबून, पावणेतीनशे ते साडेतीनशेच्या आसपास. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, हे शेजारी ठेवून पाहावे. त्यातही तोडणीचे पैसे हातात येत नाहीत, ते उचलीतून फिटत जातात. हंगामाच्या शेवटी मुकादमाच्या वहीत उचल फिटली की बाकी निघाली एवढेच कळते, आणि बाकी निघाली तर पुढचा हंगाम त्याच मुकादमाकडे भरावा लागतो. बाईच्या हातात थेट येणारा पैसा म्हणजे गावातल्या गाई-म्हशींसाठी विकलेल्या वाढ्यांचा. त्यातून मीठ-मिरची, चहा-साखर आणि मुलाचे औषध भागते.

एका हंगामात आमच्या फडात आलेल्या धारूरकडच्या एका बाईंना मी विचारले होते, मुकादमाच्या कागदावर तुमचं नाव असतं का. मोळी बांधता बांधता त्या म्हणाल्या, “आमचं कशाला घालतेत ताई? मालकाचं असतंय की. आम्ही काय वेगळे हाव का?” मालक म्हणजे त्यांचा नवरा. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. मला त्याचेच अधिक वाईट वाटले, कारण मागच्याच आठवड्यात आजारपणात काम बुडाले म्हणून त्यांच्या जोडीचे खाडे, म्हणजे गैरहजेरीच्या दिवसांचे पैसे, कापले गेले होते. आजारी त्या पडल्या होत्या. म्हणजे काम करताना वेगळे नसलेले माणूस काम बुडाल्यावर बरोबर वेगळे ओळखता येते.

बाईचा हिशेब वेगळा कसा ठेवणार, काम तर जोडीचे असते, असे कारखान्यांशी संबंधित लोक आणि मुकादमही सांगतात. हे कारण मला पटत नाही. कारखान्याच्या काट्यावर ऊस किलोपर्यंत मोजला जातो. काट्याच्या पावतीवर शेतकऱ्याचे नाव, गाव, वाहनाचा क्रमांक, वाहनमालक किंवा मुकादम, उसाची जात असा तपशील येतो, आणि त्या पावतीच्या आधारे शेतकऱ्याचे बिल, वाहतूकदाराचे भाडे, मुकादमाचे कमिशन सगळे बिनचूक निघते. एवढ्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेला एका कोयत्यासमोर एका नावाऐवजी दोन नावे लिहिणे आणि रक्कम निम्मी-निम्मी विभागणे अवघड जावे, असे त्यात काही नाही. बाईने किती टक्के काम केले हे ठरवण्याचीही गरज नाही. जोडीचे काम आहे ना, मग मजुरीही जोडीची, अर्धी त्याच्या खात्यात आणि अर्धी तिच्या.

असे कधी झालेच नाही असेही नाही. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ चा आहे, आणि त्याच्या मागे १९७२ च्या दुष्काळातला अनुभव होता, ज्यात खडी फोडायला आणि माती वाहायला बायका मोठ्या संख्येने आल्या होत्या. त्या कामांच्या हजेरीपटावर बाईचे नाव स्वतंत्र लिहिले जाई आणि दर बाई-पुरुषांना एकच असे. पुढे केंद्राच्या २००५ च्या कायद्याने मजुरी खात्यात जमा होऊ लागली आणि कामावर लहान मुले असतील तर त्यांना सांभाळण्याची सोय करण्याची तरतूद आली. या योजनेत पैसे उशिरा मिळण्यापासून कामच न निघण्यापर्यंत अनेक दोष होते, हे गावात राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. पण हजेरीपटावर नाव असल्यामुळे बाईला तहसीलदारासमोर उभे राहून माझे इतक्या दिवसांचे पैसे राहिलेत असे म्हणता येत होते. ऊसतोडीत तिला असे म्हणता येत नाही, कारण तिने काम केले याचा एकही कागद तिच्याजवळ नसतो. याच धारूर-पाटोद्याच्या बायका उन्हाळ्यात गावी परतल्यावर रोजगार हमीच्या कामावर गेल्या, तर तिथे त्या स्वतंत्र मजूर ठरतात, आणि दसऱ्यानंतर गावाबाहेर पडल्या की नवऱ्याच्या नावामागे जातात.

कायद्याची बाजूही बायकांच्या विरोधात नाही. राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात समान कामाला समान वेतनाचे तत्त्व आहे. १९७६ चा समान वेतन कायदा होता, आणि आता तो २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे. १९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे जे चित्र आले होते, ते वाचताना मला ऊसतोडीचीच आठवण झाली. तिथे मजूर जमादारांमार्फत आणलेले होते. दिवसाची किमान मजुरी ९ रुपये २५ पैसे असताना जमादार प्रत्येकामागे रुपया कापून घेत, आणि बायकांच्या हातावर सातच रुपये पडतात अशी तक्रार होती. मधे जमादार आहे म्हणून काम करवून घेणाऱ्या सरकारी यंत्रणेची जबाबदारी संपत नाही, असे न्यायालयाने त्या वेळी स्पष्ट केले. ऊसतोडीत आजही कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम वाहनमालकाकडे किंवा तोडणी-वाहतूक संस्थेकडे, आणि मालक नेमका कोण हा प्रश्न अधांतरीच राहतो. पुरुष मजुराला निदान मुकादमाशी भांडता येते. बाईचे या साखळीतल्या कोणाशीच नाते नोंदलेले नाही, तिचे नाते फक्त नवऱ्याशी.

नाव नसण्याची किंमत बाईच्या शरीराने मोजली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर गाजल्या. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारची समिती नेमली गेली. त्या वेळी ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे जवळजवळ दर सहा बायकांमागे एक. देशात १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. पुढे बीडमध्ये खासगी दवाखान्यांतल्या अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घालण्यात आली. त्या चर्चेत दोष बहुतेक डॉक्टरांवर आणि बायकांच्या अज्ञानावर टाकला गेला. नफेखोर डॉक्टरांचा दोष मोठा आहेच. पण फडावर संडास नाही, आडोसा नाही, अंघोळीला पुरेसे पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घ्यावीच लागते, अंगावरून जाते म्हणून एक दिवस पडून राहिले तर जोडीचा खाडा ५०० रुपये किंवा त्याहून जास्त कापला जातो, आणि दवाखान्यात कोणीतरी सांगते की पिशवी काढली की त्रास कायमचा संपेल. तिशीही न उलटलेल्या बाईने तेव्हा हो म्हटले तर त्याला अज्ञान म्हणून मोकळे होता येत नाही. तिने खाड्याचा हिशेब केलेला असतो. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा मुकादमाकडूनच पैसे घेतलेले असतात, आणि ती उचल फेडायला पाठदुखी, सांधेदुखी घेऊन ती पुढच्या हंगामात परत फडात येते. आजारपणाची किंवा बाळंतपणाची रजा कागदावर नाव असलेल्या माणसाला मिळते. प्रसूती लाभाचा कायदा १९६१ मध्ये आला, २०१७ मध्ये त्याखालची रजा २६ आठवड्यांची झाली, आणि फडावरची बाई दिवस भरत आले तरी मोळ्या वाहते, बाळंत झाल्यावर थोड्याच दिवसांत ओल्या अंगाने परत कामाला लागते.

मुलींच्या लग्नाचेही असेच आहे, ते थोडक्यात सांगते. उचल जोडीला मिळते, म्हणून मुलाचे लग्न लवकर झाले की घरात एक कोयता वाढतो. दुसरीकडे वयात आलेल्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवायचे ही धास्ती असते. बालविवाहांच्या आकड्यांत बीड आणि परभणी हे जिल्हे राज्यात पुढे असण्याची इतरही कारणे आहेत, पण करारातला जोडीचा नियम हे त्यातले एक आहे, आणि ते बदलणे साखर उद्योगाच्या हातात आहे.

विधवा आणि टाकलेल्या बायकांची स्थिती सर्वांत बिकट. नवरा गेला की त्याची उचल तिच्याकडे येते, पण त्याचा करार येत नाही. ती कामाला येते ती भावाबरोबर, दिराबरोबर, नाहीतर शाळा सोडवून आणलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाबरोबर, आणि मग हिशेब त्या पुरुषाच्या नावावर चढतो. कर्जाच्या वेळी मुकादमाच्या वहीत तिचे नाव लिहायला जागा सापडते, मजुरीच्या वेळी सापडत नाही.

श्रमशक्ती पाहणीच्या २०२३-२४ च्या अहवालात पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमातला सहभाग ४१.७ टक्के दिसतो. २०१७-१८ मध्ये तो २३.३ टक्के होता. ही वाढ पाहून अनेकांनी समाधान व्यक्त केले. तीत मोठा भाग स्वयंरोजगाराचा आणि घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्या स्त्रियांचा आहे, हेही त्याच अहवालांतून दिसते. स्त्री कामावर आहे, पण मोबदला तिच्या हाती नाही, ही गोष्ट फक्त ऊसतोडीची नाही. ऊसतोडीत फरक इतकाच की इथे धंदा घरचा नाही. हजारो कोटींची उलाढाल असलेल्या उद्योगासाठी ती राबते आहे, आणि तिला मदतनीस समजून त्या उद्योगाने स्वतःचा खर्च वाचवला आहे.

सरकारने काहीच केलेले नाही असे मी म्हणणार नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याणकारी महामंडळ स्थापन झाले, त्यासाठी गाळपाच्या दर टनामागे कारखान्यांनी १० रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे ठरले. मुलांच्या शिक्षणासाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आखली गेली, त्यांतली निम्मी मुलींसाठी. ग्रामसेवकांमार्फत कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, आणि बीडमधल्या महिला कामगारांच्या संघटना यांनी बायकांची नोंदणी स्वतंत्र व्हावी असा आग्रह सातत्याने धरला आहे, आणि ओळखपत्र बाईच्या नावाने मिळण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात त्यांचे आहे. परंतु ओळखपत्र ती ऊसतोड कामगार आहे एवढेच सांगते. ती कोणत्या कारखान्यासाठी, कोणत्या दराने, किती दिवस राबली आणि तिचे किती पैसे झाले हे करारच सांगू शकतो.

पैसे तिच्या खात्यात आले तरी नवरा काढून घेईल, हा आक्षेप मी पुष्कळांकडून ऐकला आहे, अगदी सहानुभूती असलेल्यांकडूनही. काही घरांत तसे होईल. पण खात्यावरची नोंद नवऱ्याला पुसता येत नाही. उद्या ट्रॉली उलटून ती जखमी झाली, तिला साप चावला, नवऱ्याने टाकले, पोटगीचा किंवा भरपाईचा दावा लावायची वेळ आली, तर या हंगामात मी इतके कमावले असे सांगणारा कागद तिच्याकडे असेल. शिवाय शेतकऱ्याचे उसाचे बिल त्याचा मुलगा काढून घेईल या भीतीने कोणत्याही कारखान्याने कधी शेतकऱ्याच्या खात्यात पैसे जमा करणे थांबवलेले नाही.

यात वेळेचाही प्रश्न आहे. हार्वेस्टर आता फडात दिसू लागले आहेत. त्यांच्या खरेदीला अनुदान आहे, आणि ते चालवायला पुरुष लागतात. पाचट सोलणे, मोळी बांधणे, वाहन भरणे ही बाईची सगळी कामे यंत्र एकाच फेरीत करते. काम गेल्यावर पर्यायी रोजगाराची किंवा नुकसानभरपाईची बोलणी सुरू होतील, तेव्हा यादी मागितली जाईल, आणि यादीत नावे पुरुषांची असतील.

२०२४ ची तडजोड तीन वर्षांसाठी होती. पुढच्या बोलणीत दराची टक्केवारी हा मुख्य मुद्दा राहणार, आणि तो राहायलाही हवा. त्याच्याबरोबर करारपत्रात प्रत्येक कोयत्यासमोर दोन नावे आणि दोन सह्या, उचलीची निम्मी रक्कम आणि हंगामाच्या हिशेबाची निम्मी रक्कम बाईच्या बँक खात्यात, एकट्या बाईला स्वतःच्या नावाने पूर्ण दराचा करार, आणि पाळीत, गरोदरपणात व बाळंतपणात खाडा न कापण्याचे कलम, एवढे लिहून घेता येईल. मागच्या वेळी लवाद म्हणून शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्यासमोर ही बोलणी झाली होती. पंकजाताईंच्या मेळाव्याला दसऱ्याला सावरगावच्या भगवान भक्तीगडावर ज्या बायका कडेवर मूल घेऊन येतात, त्यांतल्या असंख्य जणी पुढच्या पंधरा दिवसांत फडावर निघालेल्या असतात. ही कलमे टेबलावर कोणी ठेवायची असा प्रश्न असेल, तर माझी अपेक्षा आधी त्यांच्याकडून आहे, आणि त्यांच्याइतकीच आम्हा ऊस पिकवणाऱ्यांकडूनही, कारण कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासद म्हणून बोलण्याचा हक्क आम्हाला आहे. येत्या सभेसाठी मी हा विषय लेखी देणार आहे.